इंजिनाचा कौल

"हलक्या इंजिनाक उजवो कौल, गाडयेच्या इंजिनाक डावो. इतक्याच इचारा देवाक, गुरवानू. जास्त घोळ नको," सत्यवानशेट म्हणाला आणि चपला काढून देवळाच्या पायरीवर टेकला.

विठोबा गुरव सहाणेवर गंध उगाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"विमानाच्या इंजिनासाठी कौल?"

"मगे काय करू? ह्या बायलेन जिवाक घोर लावल्यान हा."

त्याची बायको वर्षाली खांबाला टेकून उभी होती. "काका, हेंका त्या हलक्या इंजिनाचा याड लागला हा," ती म्हणाली. "सिडनी मिस्त्री नको म्हणता, मी नको म्हणतंय. तेचाय ऐकणत नाय, माझाय ऐकणत नाय. निदान देवाचा तरी ऐकतले."

"देवाचा ऐकतलंय," सत्यवान म्हणाला. "देवाचा मिया आजपर्यंत मोडूक नाय. काय, गुरवानू?"

"व्हय," विठोबा म्हणाला. "सोमवारी या. नारळ घेवन."

ती दोघं गेली, तेव्हा विठोबाला कळलं की आपण गंध नुसतं उगाळतच बसलो आहोत. सहाणेवर इतकं साठलं होतं की देवाला आठवडाभर पुरलं असतं. 'देवाचा मिया आजपर्यंत मोडूक नाय!' का मोडील? देवाने त्याचं काय वाईट केलं होतं? जे काय केलं ते विठोबाचं केलं होतं.

शिरोण्यात विमान बांधलं जातंय, ही बातमी एव्हाना शिळी झाली होती. सत्यवानशेटने कुठल्याशा परदेशी मासिकातून नकाशे मागवले, अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आणल्या, पंखांना कापड ताणून बसवलं, आणि दोन पावसाळे आपल्या मांगरात, म्हणजे गावाबाहेरच्या कौलारू शेडमध्ये, ठाकठोक करत काढले. आधी गाव हसला. मग पोरंटोरं बघायला जाऊ लागली, मग कट्ट्याच्या बाजारातून माणसं रिक्षा करून येऊ लागली, आणि मग गावाला त्याचा अभिमानच वाटायला लागला. भाकऱ्या थापाव्यात तसं विमान थापतोय, असं म्हणणारी माणसंच आता पाहुण्यांना 'आमच्या गावात विमान आसा' असं सांगत फिरत. विमानाला सगळं होतं. चाकं होती, शेपटी होती, एकाला धड आणि दोघांना अडचण अशी बसायची जागा होती. नव्हतं ते फक्त इंजिन.

सत्यवान मुळातला ट्रॉलरवाला. पण नऊ वर्षांपूर्वी त्याने ट्रॉलर विकला आणि त्यानंतर पाण्यात पाय घातला नाही. दर्यावर्दी माणूस, नारळी पौर्णिमेलासुद्धा किनाऱ्यावर जाईना. कोणी विचारलं तर म्हणायचा, "पाण्याचा मन भरला. आता वारो खावया." गाव म्हणायचा, पैसा झाला की माणसाला नाना छंद सुचतात. सत्यवानाने पाण्याकडे पाठ का फिरवली, ते विठोबाला पुरतं ठाऊक होतं. देवालाही ठाऊक असणार, असं त्याला एके काळी वाटायचं.

निकेत विठोबाचा एकुलता मुलगा. गुरवाच्या पोराने देवळात घंटा बडवायची, पण याला समुद्राचा नाद. एक छोटी होडी घेतली होती आणि पहाटेच्या अंधारात एकटाच जाळं टाकायला जायचा. अठ्ठ्याण्णव साली दिवाळीच्या तोंडावर गेला तो आला नाही. तिसऱ्या दिवशी रेडी गावच्या किनाऱ्याला होडीचा अर्धा भाग लागला. मधोमध चिरडलेला, आणि फळीवर निळ्या रंगाचा हातभर ओरखडा. निळा ट्रॉलर आसपासच्या गावांत एकच होता. आणि होडी लागली त्याच दिवशी सत्यवानाचा ट्रॉलर किनाऱ्यावर ओढून तांबडा रंगवत होते.

पोलीस आले, 'अपघाती मृत्यू' लिहून गेले. गावाने म्हटलं, देवासमोर निकाल करू. सत्यवान म्हणाला, करा. त्या पहाटे ट्रॉलर बंदरातच होता, अशी त्याने देवासमोर नारळावर हात ठेवून शपथ घेतली. आता पुढचं सांगायचं तर ज्यांनी कौल पाहिलेला नाही त्यांना थोडं समजावून सांगावं लागेल. देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला पाण्याने ओल्या केलेल्या पाकळ्या लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मोठ्याने देवाला सगळी हकिगत सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. ज्या बाजूची पाकळी आधी पडेल तो देवाचा शब्द. पण गाऱ्हाण्यात एक मेख असते. देवासमोर उच्चारलेल्या वाक्यावर 'व्हय म्हाराजा' पडलं, की तो साऱ्या गावाचा शब्द झाला. मागे घेता येत नाही. म्हणून कौलाचं गाऱ्हाणं घालताना गुरव 'जर' हा शब्द कधी विसरत नाही. विठोबाच्या बापाने त्याला मंत्रांच्याही आधी हा 'जर' शिकवला होता.

त्या वर्षी देवळाची पाळी विठोबाची होती. दुसऱ्या कोणाला पाकळ्या लावता आल्या नसत्या. "जर ह्या सत्यवानाच्या ट्रॉलरान निकेताची होडी फोडली आसात, तर डावो कौल दी, म्हाराजा," असं बापानेच पोराच्या मरणाचं गाऱ्हाणं घातलं, आणि साऱ्या गावाने 'व्हय म्हाराजा' म्हटलं.

उजवी पाकळी पडली.

सत्यवान निर्दोष ठरला. विठोबाला गावाने घरी पोचवलं. त्याची बायको जानकी त्या दिवसापासून देवळाची पायरी चढली नाही. गाऱ्हाण्याचा नुसता घोष घरापर्यंत यायचा, शब्द कळायचे नाहीत, तरी शेजारणी चुलीपाशी बसल्या बसल्या 'व्हय म्हाराजा' म्हणायच्या. जानकी ओठ मिटून भाकरी थापायची. विठोबाला ती एवढंच म्हणाली होती, "देव खोटो काय तुझो हात खोटो, ता तूच बघ." विठोबा नऊ वर्षं तेच बघत होता. हात थरथरत होता, हे खरं. डाव्या पाकळीला पाणी जास्त लागलं असेल. जास्त ओली पाकळी उशिरा सुटते, हे गुरवाच्या पोराला पाळण्यात कळतं. पण त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. मुद्दाम करायला हवं होतं, असं मात्र पुढे रोज वाटलं.

आणि आता तोच माणूस, तीच पायरी, तोच देव. चालून आलेलं सोडायला विठोबा काही संत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पूजा आटपून तो सत्यवानाच्या मांगराकडे गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मांगर सड्याच्या कडेला होता. सडा म्हणजे लाल कातळाचं उघडं पठार, मैदानासारखं सपाट. सत्यवान तिथूनच उडणार होता. सडा संपला की सरळ कडा, आणि कड्याखाली समुद्र.

"येवा, गुरवानू, येवा!" सत्यवान लहान मुलासारखा पुढे आला. त्याचे हात ग्रीसने माखले होते. "बसा हयसर. आत बसून बघा तरी!" आणि विठोबा नको नको म्हणत असताना त्याने त्याला विमानात बसवलंसुद्धा. विठोबाच्या गुडघ्यांमध्ये एक दांडा आला. समोर फक्त कापड, नळ्या आणि आभाळ.

"भियालात?"

"नाय."

"मी भियातंय," सत्यवान हळूच म्हणाला, आणि मग हसला. "पण वरसून दर्यो कसो दिसता, ता माका एकदा बघूक होया. लांबसून."

विठोबा खाली उतरला. त्याला त्या विमानात क्षणभरही बसवेना.

मांगराच्या मागे लोखंडी चौकटीवर दोन इंजिनं बसवलेली होती आणि सिडनी मिस्त्री त्यांच्यामध्ये विडी ओढत बसला होता. बंदरातल्या निम्म्या होड्यांची इंजिनं याच्या हातची. विमानाचं इंजिन त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तो ते लपवतही नव्हता.

"ह्या बघ, विठोबा," तो म्हणाला. "ह्या लहानग्या टू-स्ट्रोक. खास विमानाचा. गोव्यात कोणाच्यातरी शेडीत पडान होता, दर्याच्या तोंडार. वजनाक नारळाच्या पेंडीसारख्या, एका हातान उचल. आणि ह्या दुसऱ्या, जुन्या गाडयेतला काढलेला. फोर-स्ट्रोक. जड. पाण्याची टाकी होयी, पट्टो होयो. ह्या बसवला तर विमान उठात, पण म्हशीसारख्या उठात."

"मगे लहानग्या बरा म्हण."

"चालू करतंय, ऐक."

सिडनीने दोरी ओढली. छोटं इंजिन एका झटक्यात पेटलं आणि तिखट, चढ्या आवाजात ओरडायला लागलं. मांगराच्या कौलांवरची पाखरं उडाली. सत्यवान लांबून हात वर करून आनंदाने काहीतरी ओरडला. बराच वेळ ते तसंच चाललं. मग मध्येच आवाज बारीक झाला, घशात काही अडकल्यासारखा, आणि लगेच पुन्हा पहिल्यासारखा.

सिडनीने इंजिन बंद केलं. "ऐकलंस? तापला काय असा करता. शेट म्हणता, कार्बोरेटर. माझो जीव म्हणता, आत गंजला. खारो वारो खाल्लेल्या इंजिनाचो भरवसो नाय. खोलून बघूक शेट देणा नाय, म्हणता बिघडात. होडयेत टू-स्ट्रोक धरता, जाम होता, तेव्हा काय करतंस? वल्ही मारतंस. वर वल्ही खंय मारतलंस?"

"आणि गाडयेचा?"

"ता मरूच्या आधी धा वेळा खोकतला. माणसाक उतराक येळ देतला." सिडनीने विडी विझवली. "मी किरिस्तांव, माका तुमच्या कौलातला कळणा नाय. पण तुझ्या देवाक सांग, डावो दी म्हणान."

विठोबाने मान हलवली. त्याला हवं ते कळलं होतं. उजवा म्हणजे मरण. आणि उजवी पाकळी आधी कशी पाडायची हे शिकायला त्याला कोणाकडे जायचं नव्हतं. उजवीला थेंबभर पाणी, डावीला बोट बुडवून. नऊ वर्षांपूर्वी देवाने याच माणसाला उजवा दिला होता ना? मग आताही उजवाच देईल. देवाच्याच वहिवाटीने जाऊ, असं मनाशी म्हणत तो घरी आला, आणि वाटेत कधी नव्हे ते त्याला भूक लागल्याचं जाणवलं.

जानकी मागच्या पडवीत कोकमाची सोलं वाळत घालत होती. विठोबाने सगळं सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"तू करशीत?"

"करीन."

"ज्या हातान तेका सोडलंस, त्याच हातान कर," जानकी म्हणाली. तिचा आवाज वर चढला नाही. "माझ्या झिलाक पाण्यात सोडून तो घराकडे जावन जेवलो. जाव दे तेका वर. आणि येव दे खाली."

सोमवारी देवळात माणूस मावेना. विमानाचा कौल म्हणजे गंमतच. माणसं नटून आली होती. सिडनीसुद्धा आवाराबाहेर माडाखाली उभा होता. सत्यवान धुतलेलं धोतर नेसून, हात जोडून पुढे उभा, शेजारी वर्षाली. विठोबाने देवाला पाणी घातलं, पाषाण पुसला, आणि तबकातून पाकळ्या उचलल्या. एक डावीकडची, चांगली निथळती ओली. एक उजवीकडची, नुसती ओलसर. हात थरथरत नव्हता. आज तो अगदी शांत होता, आणि स्वतःच्या शांतपणाचं त्याला बरं वाटत होतं.

डावी लावून झाल्यावर उजवी पाकळी पाषाणाला लावायला त्याने हात पुढे केला, आणि तेव्हा त्याला पुढचं सगळं दिसलं. सत्यवान उडेल. इंजिन धरेल. सत्यवान कड्याखाली जाईल. आणि गाव काय म्हणेल? देवाची मर्जी म्हणेल. दिंड्या काढतील, शोकसभा घेतील. 'आपल्या गावचो पयलो विमानवालो' म्हणून सड्यावर दगड उभा करतील, त्याला हार घालतील. आणि निकेत? त्याचं नाव या सगळ्यात कुठे असणार होतं? कोणालाच कळणार नव्हतं की हा माणूस कशापायी मेला. खुद्द मरणाऱ्यालासुद्धा नाही. असल्या सुडाला काय चाटायचं आहे? नऊ वर्षं पोटात विस्तव बाळगायचा, आणि तो शेवटी चोरून, परक्याच्या नावावर विझवायचा?

विठोबाने पाकळी मुठीत धरली आणि वळून माणसांसमोर उभा राहिला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बारा वहिवाटीच्या राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज हो तुझो लेकरू सत्यवान, आपल्या जोडीदारणीक घेवन तुझ्या पायाकडे इलो हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं ज्याचं, त्याचा आवाज सगळ्यात मोठा हवा. सत्यवानाने डोळे मिटून घेतले होते आणि त्याचा आवाज घंटेवर आपटत होता.

"तेना आपल्या हातान इमान बांधल्यान हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या सत्यवानान आठ्ठ्याण्णव सालात निकेताची होडी ट्रॉलराखाली घातल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्या देवळाने म्हटलं. त्याच चालीत, त्याच जोरात. सत्यवानाने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. आपण काय म्हटलं ते माणसांना आधी कळलं नाही. मग एकेकाचं तोंड उघडंच राहिलं. मागून कोणीतरी "जर... जर म्हणाक नाय," असं पुटपुटलं. खरंच म्हटला नव्हता. विठोबा गुरवाने आयुष्यात पहिल्यांदा 'जर' गाळला होता.

सत्यवानाने डोळे उघडले. त्याचे जोडलेले हात तसेच होते.

"आणि तेका पाण्यात वराडता सोडून हो घराकडे इलो, म्हाराजा," विठोबा म्हणाला. आता ओरडून नाही, साध्या बोलण्यासारखं.

साथ द्यायला कोणी नव्हतं. वर्षाली नवऱ्याकडे बघत होती. साऱ्या देवळात तेवढीच हलली, एक पाऊल बाजूला झाली. सत्यवानाने तिच्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, आणि मग विठोबाकडे.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

अगदी हळू म्हणाला, पण पुढच्या सगळ्यांनी ऐकलं. याला काही सवय म्हणता आली नसती.

"गुरवानू, दिवो नाय होतो होडयेर," तो पुढे म्हणाला. "मागसून आवाज इलो. मी भियालंय..."

"गाडयेचा इंजिन बसव," विठोबाने त्याला मध्येच तोडलं. आज शेट नाही, तुमी नाही, सरळ एकेरी. "ता हलक्या धरता. तुका वरसून पडान सुटूक मी देवचंय नाय. तू जगूक होयो. ह्याच गावात, ह्या सगळ्यांच्या देखत. समाजलंस?"

सत्यवानाने मान हलवली. विठोबाने डाव्या अंगाची एकटी पाकळी बोटाने काढली, पाषाण पुन्हा पुसला आणि निरांजन लावलं. माणसं पांगली. बाहेर माडाखाली सिडनीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

जानकी दारातच उभी होती. एवढी माणसं गप्प गप्प परत जाताना तिने पाहिली होती, आणि काही तरी बिनसलं आहे हे ओळखलं होतं.

"खंयचो कौल दिल्यान?" तिने विचारलं.

"लावलंयच नाय." विठोबाने मूठ उघडली. पाकळीचा नुसता चोथा झाला होता.

जानकीचं तोंड कठीण झालं. "म्हणजे पुन्हा सोडलंस तेका."

"नाय. निकेताचा नाव घेतलंय. देवासमोर. तेना मारल्यान, सोडून इलो, सगळा सांगलंय. 'जर' घालूक नाय."

जानकीने तो चोथा बोटाने उलटून पाहिला.

"मगे? लोकांनी काय म्हटल्यानी?"

"व्हय म्हाराजा म्हटल्यानी."

"आणि तेना?"

"तेनाय म्हटल्यान. दोन वेळा."

आत चुलीवर भाताला उकळी फुटून झाकण वाजत होतं. जानकी तिकडे गेली नाही. तिने डोक्यावरून पदर घेतला, अंगणात उतरली, देवळाकडे तोंड करून हात जोडले. तिचे ओठ हलले, पण त्या शब्दांसाठी नऊ वर्षं न वापरलेला आवाज चटकन येईना. दुसऱ्यांदा आला.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली, आणि भात उतरवायला आत गेली.